तंबूतला हीटर दोनदा विझला: एका रात्रीचं प्रकरण

तंबूत पेटवलेला प्रोपेन हीटर थोड्या वेळाने आपोआप बंद पडला, तर त्यामागे मुख्यतः तीन कारणं असतात. उंचीमुळे सुरक्षा यंत्रणा गोंधळली, सिलिंडर गारठून गॅसचा दाब उतरला, किंवा तंबूतली हवा खरोखर बिघडली. पहिल्या दोन कारणांनी फक्त वैताग येतो, तिसऱ्याने जीव जाऊ शकतो, आणि हीटरकडे पाहून तिन्ही सारखीच दिसतात. खालचं प्रकरण याच गोंधळाचं आहे. ते कुणा ठरावीक माणसांचं नाही. तंबूत हीटर वापरताना हमखास होणाऱ्या चुका एका रात्रीत गुंफून ते बांधलं आहे. आकडे मात्र याच तंबूचं, याच हीटरचं आणि याच उंचीचं गणित मांडून काढलेले आहेत.

परिस्थिती

दोघे भाऊ, उंची समुद्रसपाटीपासून २,४०० मीटर, संध्याकाळी पारा ३ अंशांवर आणि रात्री उणे ४ पर्यंत उतरणारा. तंबू दुहेरी कापडाचा, घुमटाकार. तळ २.४ मीटर × २.१ मीटर, मधोमध उंची १.३ मीटर. कडेला छत उतरत जातं, म्हणून आतली हवा साधारण ४ घनमीटर. वरच्या बाजूला दोन झरोके. ते वेल्क्रोने बंद केलेले, आणि खालून वारा शिरतो म्हणून बाहेरच्या कापडाच्या कडेवर चहूबाजूंनी बर्फ दाबलेला.

हीटर सिरॅमिक जाळीचा, लाल तापून समोर ऊब फेकणारा. त्याला दोन टप्पे: तासाला ४,००० बीटीयू आणि ९,००० बीटीयू, म्हणजे सुमारे १.२ आणि २.६ किलोवॅट. खाली ४६५ ग्रॅम प्रोपेनचा एकदाच वापरायचा सिलिंडर. कलंडला तर बंद होणारा स्विच आणि ऑक्सिजन कमी झाला तर बंद करणारी यंत्रणा, दोन्ही आहेत. खोक्यावर ‘आत वापरण्यास योग्य’ असं छापलेलं. तंबूच्या कप्प्यात घरून आणलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही आहे. म्हणजे बेफिकीर म्हणावी अशी ही माणसं नाहीत.

घडलं काय

सव्वाआठला दोघांनी दार बंद करून हीटर लहान टप्प्यावर लावला. पाच-सात मिनिटांत जॅकेटं उतरली. आठ चाळीसला ‘टक्’ असा बारीक आवाज झाला, जाळीचा लाल रंग मावळला. धाकट्याने पुन्हा पेटवला, तर दोन-तीन मिनिटांत परत तेच.

“दादा, गेला परत.”

“उंची आहे ना, असंच होणार. बटण जरा जास्त वेळ दाबून धर.”

बटण दाबून धरलं की पेटायचा, सोडलं की थोड्या वेळाने जायचा. मग संशय सिलिंडरवर गेला, कारण त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर पांढरं हिव धरलं होतं. तो आतच उघडून काढला, तर त्याच्या तोंडातून सूऽऽ असा आवाज येत राहिला आणि सडक्या कोबीसारखा वास सुटला. दाराची झिप उघडून तो बाहेर ठेवला, नवा लावला. हीटर पेटला आणि चालू राहिला. “बघ, सिलिंडरच होता,” असं ठरलं. दार पुन्हा बंद झालं, फक्त तळाशी वीतभर झिप लागायची राहिली.

साडेनऊला दोघांचं डोकं दुखू लागलं. रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा ऑक्सिमीटर बोटाला लावला तर ९२ आणि ९३. एवढ्या उंचीवर ठीकच म्हणायचे आकडे. गोळी घेऊन दोघे ‘पाच मिनिटं’ म्हणून आडवे झाले. हीटर चालूच. दहाच्या सुमारास जळक्या प्लास्टिकच्या वासाने धाकट्याला जाग आली. त्याच्या स्लीपिंग बॅगचा पायथा घसरत हीटरसमोर गेला होता. कापड चकाकून आकसलं होतं, मध्ये नाण्याएवढं भोक आणि त्याच्या कडेला कडक झालेले काळे मणी. उठताना तो धडपडला, थोरल्याला दोनदा हलवावं लागलं. दार उघडून दोघे बाहेर बसले आणि वीस मिनिटांत दोघांचीही डोकेदुखी बरीच उतरली.

अलार्म शेवटपर्यंत वाजला नाही.

हीटर का विझला

आधी ती यंत्रणा कशी चालते ते पाहू. मुख्य जाळीच्या शेजारी एक छोटी पायलट ज्योत असते आणि तिच्या टोकाला थर्मोकपल. ज्योतीने ते तापलं की काही मिलिव्होल्ट वीज तयार होते, तेवढ्यावर एक चुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १८ च्या आसपास आला की ही ज्योत लांबते, बुडापासून सुटते आणि थर्मोकपलपासून दूर जाते. थर्मोकपल निवतं, चुंबक सुटतो, झडप मिटते. ऐकू आलेला ‘टक्’ तोच.

यात कुठेही कार्बन मोनॉक्साइड मोजला जात नाही. कार्बन डायऑक्साइडही नाही. ‘आत वापरण्यास योग्य’ या शब्दांचा अर्थ एवढाच, की ही एक झडप बसवलेली आहे.

आता गणित. ४,००० बीटीयूवर हा हीटर तासाला ८४ ग्रॅम प्रोपेन जाळतो. प्रोपेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात. २,४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट असतो, म्हणजे तेवढ्याच तंबूत ऑक्सिजनचे रेणूही पाऊणच. तिथल्या विरळ हवेच्या हिशेबाने हीटर तासाला सुमारे ३०० लिटर ऑक्सिजन खातो, दोन माणसं आणखी ४० लिटर. ४ घनमीटर तंबूत २०.९ वरून १८ टक्क्यांपर्यंत उतरायला ११६ लिटर पुरेत. तंबू पूर्ण बंद असता तर वीस मिनिटंच लागली असती. फटींमधून तासाभरात एकदा सगळी हवा बदलते असं धरलं, तर पंचवीस. सव्वाआठ ते आठ चाळीस म्हणजे बरोबर पंचवीस मिनिटं.

म्हणजे हीटरने पहिल्याच वेळी खरं सांगितलं होतं. थोरल्याचं उत्तरही अगदीच बिनबुडाचं नव्हतं. साधारण २,१०० मीटरच्या वर ही यंत्रणा हवा चांगली असतानाही बंद पडू शकते, असा इशारा अशा हीटरांच्या माहितीपुस्तिकांत असतो. गाळात घातलं ते याच अर्धसत्याने. पूर्ण चुकीच्या कारणावर माणूस पटकन विश्वास ठेवत नाही, अर्धवट बरोबर असलेल्यावर ठेवतो.

मग नव्या सिलिंडरवर हीटर का टिकला? सिलिंडर बाहेर ठेवायला दार उघडलं, तेव्हा तंबूतली हवा बदलली, आणि नंतर वीतभर झिप उघडीच राहिली. श्रेय मात्र सिलिंडरला मिळालं. गारठ्याचं कारणही तसं खरंच असतं. गॅस होताना प्रोपेन सिलिंडरमधली उष्णता ओढून घेतं. ० अंशाला आतला दाब दाबमापकावर ३.७ बारच्या आसपास दिसतो, उणे २० ला दीड बारही उरत नाही. सिलिंडर रिकामा होत आला की आतलं द्रव थोडं राहतं आणि ते लवकर गारठतं. पण दाब उतरला तर ज्योत आधी मंद होते, जाळीचा काही भाग काळा पडतो आणि मग हीटर जातो. इथे जाळी शेवटपर्यंत एकसारखी लाल होती. ऊब आणि दमट श्वास भरलेल्या तंबूत गार सिलिंडरवर हिव धरणारच. तेवढ्यावरून दाब संपला असं ठरत नाही.

तीन कारणं वेगळी काढायची एक साधी कसोटी आहे. हीटर बंद करून, थोडा निवू देऊन बाहेर न्यायचा, वाऱ्याच्या आडोशाला पण उघड्यावर ठेवायचा आणि त्याच सिलिंडरवर पेटवायचा. बाहेरही विझला तर उंची, गारठलेला सिलिंडर किंवा पायलटमध्ये अडकलेली घाण. बाहेर अर्धा तास निवांत चालला आणि आत विझला, तर दोष हीटरचा नाही, आतल्या हवेचा आहे. ही कसोटी होईपर्यंत आत पुन्हा पेटवायचा नाही. विझलेला हीटर म्हणजे दार उघडा असा निरोप समजायचा, मग कारण काहीही निघो.

आणि ते बटण. पेटवताना तीसेक सेकंद दाबून धरायचं असतं, कारण थर्मोकपल तापेपर्यंत झडप हाताने उघडी ठेवावी लागते. त्याहून जास्त वेळ दाबून धरणं, त्यावर चिकटपट्टी मारणं किंवा काडी अडकवणं म्हणजे ती एकुलती एक झडप काढून टाकण्यासारखंच.

दार उघडलं तर ऊब जाईल?

सगळ्या चुकांचं मूळ या भीतीत आहे, म्हणून ती जरा नीट तपासू.

हीटर विझला त्या क्षणी तंबूत कार्बन डायऑक्साइड १.८ टक्क्यांच्या आसपास होता. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो, आणि आठ तासांच्या कामाच्या जागी सर्वसाधारणपणे ०.५ टक्क्याची मर्यादा धरतात. ती ०.५ पाळायची तर या दोघांसह या हीटरला तासाला ४५ ते ५० घनमीटर ताजी हवा हवी, म्हणजे तासात बारा वेळा तंबू पूर्ण बदलला पाहिजे. ऐकायला भयंकर वाटतं. पण तिथली हवा विरळ, घनमीटरला जेमतेम एक किलोची. एवढी हवा बाहेरच्यापेक्षा १५ अंशांनी गरम ठेवायला सुमारे १९० वॅट लागतात. हीटर देतोय जवळजवळ १,२०० वॅट. म्हणजे हवा पूर्णपणे चांगली ठेवण्याची किंमत उबेचा सहावा हिस्सा. ऊब जाते ती मुख्यतः कापडातून, आणि झरोके बंद करून ती थांबत नाही.

एवढी हवा खेळवायला भोकं केवढी हवीत? वारा पडलेला असताना, आत-बाहेर १५ अंशांचा फरक आणि खालच्या-वरच्या भोकांत एक मीटर उंची धरली, तर खाली साधारण ३०० चौरस सेंटीमीटर आणि वर तितकंच. म्हणजे दाराच्या तळाशी ३० × १० सेंटीमीटरची फट आणि वरचे दोन्ही झरोके पूर्ण उघडे. हीटरच्या पुस्तिकेत यापेक्षा बराच लहान आकडा असू शकतो. तो किमान आकडा असतो, तो निभावतोय म्हणून तेवढ्यावर थांबायचं कारण नाही. खालचं आणि वरचं, दोन्ही हवं. नुसत्या वरच्या झरोक्यातून हवा आत आणि बाहेर एकाच वाटेने भांडत राहते. आणि बाहेरच्या कापडाच्या कडेवर बर्फ दाबला की दाराची फट उघडी असूनही हवा येत नाही. रात्री बर्फ पडत असेल तर ती कड दर तासाला मोकळी करावी लागते.

तंबू मोठा असला तर? तिप्पट मोठ्या तंबूत हवा बिघडायला तिप्पट वेळ लागतो, इतकंच. दर तासाला लागणारी ताजी हवा तेवढीच राहते, कारण जळणारा गॅस तेवढाच आहे.

डोकेदुखी, ऑक्सिमीटर आणि गप्प अलार्म

त्या डोकेदुखीला तीन उमेदवार होते: उंची, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड. ऑक्सिजन घटलेल्या हवेत प्रोपेन पूर्ण जळत नाही आणि तिसरा तयार होऊ लागतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो हवेपेक्षा किंचित हलका असल्याने तंबूभर सारखा मिसळतो. खाली झोपलं म्हणून सुटका नाही.

बोटावरचा ऑक्सिमीटर इथे नुसता निरुपयोगी नाही, फसवा आहे. तो दोन रंगांचा प्रकाश रक्तातून पाठवतो, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन भरलेल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. विषबाधा झालेल्या माणसाचा आकडाही छान येऊ शकतो. उपयोगी पडते ती वेगळी खूण: एकाच तंबूतल्या सगळ्यांना एकाच सुमारास त्रास सुरू होतो आणि बाहेर आल्यावर पाऊण तासाच्या आत उतरू लागतो. उंचीची डोकेदुखी तंबूच्या दारापाशी कमी होत नाही.

अलार्म का वाजला नाही, यालाही साधी उत्तरं आहेत. घरगुती अलार्म क्षणाच्या आकड्यावर वाजत नाहीत, काळाचा हिशेब धरतात. अमेरिकेतल्या यूएल २०३४ या मानकानुसार ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) तो एक ते चार तासांनी वाजायचा असतो, १५० ला १० ते ५० मिनिटांत, ४०० ला ४ ते १५ मिनिटांत. युरोपातल्या ईएन ५०२९१ मानकात ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटं, ३०० ला तीन मिनिटांच्या आत. दुसरं, बरेचसे घरगुती अलार्म साधारण ४ ते ३८ अंशांतच नीट चालतील असे बनवलेले असतात. कप्प्यात, बाहेरच्या गार कापडाला टेकून पडलेला अलार्म त्या मर्यादेखाली जाऊ शकतो. तिसरं म्हणजे ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त, हे त्याला कळतच नाही. अलार्म हवाच. पण आकडा दाखवणारा, फिरत्या घरांसाठी आणि बोटींसाठी प्रमाणित केलेला, झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला टांगलेला आणि हीटरपासून लांब. सेन्सरची मुदत पाठीमागे छापलेली असते. ती उलटलेला अलार्म चाचणीचं बटण दाबलं की खुशाल वाजतो, कारण ते बटण बहुधा भोंगा आणि बॅटरी तपासतं, सेन्सर नव्हे.

अशा वेळी करायचं काय? आधी दार उघडून माणसं बाहेर, मग हीटर बंद. दार सापडत नसेल तर कापड फाडायचं. बेशुद्ध माणूस श्वास घेत असेल तर कुशीवर, घेत नसेल तर छातीवर दाब देणं सुरू. बरं वाटलं तरी परत आत झोपायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण एक ते दीड तास. बाहेर येऊन वीस मिनिटांत डोकं उतरलं, म्हणजे विष उतरलं असं नाही. या दोघांनी इथे नशिबावर हवाला ठेवला.

सिलिंडर आत बदलला

या रात्रीतला सगळ्यात कमी चर्चेचा आणि कदाचित सगळ्यात धोक्याचा क्षण हाच. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. गळलेला गॅस जमिनीलगत, मॅटच्या आणि स्लीपिंग बॅगच्या थरात साठतो. हवेत २.१ टक्के झाला की पेट घेतो. या तंबूच्या तळावरच्या दहा सेंटीमीटर थरात तेवढं प्रमाण व्हायला साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे भरलेल्या सिलिंडरचा तिसावा हिस्सा. आणि मग कुणीतरी ठिणगीचं बटण दाबतो.

सूऽऽ आवाज येत राहिला कारण सिलिंडरच्या तोंडातली छोटी झडप पूर्ण बसली नाही. कधी कचरा अडकतो, कधी बर्फाचा कण. म्हणून सिलिंडर लावायचा किंवा काढायचा तो बाहेर, हीटर निवल्यावर आणि आसपास कुठलीही ज्योत नसताना. लावण्याआधी हीटरच्या तोंडातली रबरी रिंग पाहायची. ती तडकलेली, चपटी किंवा गायब असेल तर तिथेच थांबायचं. आटे हाताने सरळ बसवायचे. पहिल्या फेऱ्यातच अडकलं तर आटे तिरके बसलेत, सोडून पुन्हा लावायचे. पान्हा वापरायचा नाही, हाताने घट्ट तेवढं पुरे. मग सांध्यावर साबणाचं पाणी. बुडबुडा वाढत गेला तर गळती. हे दुपारीच उरकून घ्यावं, रात्री ते पाणी सांध्यावरच गोठतं. काढलेल्या सिलिंडरचं तोंडही साबणाच्या पाण्याने तपासून, टोपी लावून, उभा आणि तंबूबाहेर ठेवायचा. गारठलेला सिलिंडर हीटरसमोर धरून शेकायचा नाही, हे लिहावं लागू नये, पण लिहावं लागतं. एकदाच वापरायचा सिलिंडर पुन्हा भरायचाही नाही.

मोठा सिलिंडर बाहेर ठेवून नळीने गॅस आत आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट: रेग्युलेटर सिलिंडरच्या तोंडालाच हवा. पूर्ण दाबाचा गॅस लांब नळीतून आणला तर रबरातलं तेल सुटून हीटरच्या बारीक छिद्रांत साठतं आणि पायलट सारखा विझू लागतो. मग पुन्हा तोच संशयाचा खेळ.

वितळलेली बॅग

नायलॉन प्रकाराप्रमाणे २२० ते २६० अंशांना वितळतं, पॉलिएस्टर २५० च्या आसपास. लाल तापलेली जाळी त्याहून किती तरी गरम असते, आणि तिची उष्णता किरणांनी सरळ पुढे जाते, मधली हवा गार असली तरी. ‘आगरोधक’ तंबू म्हणजे आग हळू पसरवणारा तंबू. तो जळत नाही असं नव्हे.

अशा हीटरला बहुधा समोर ६० ते ७५ सेंटीमीटर, वर ७५ आणि बाजूंना १५ सेंटीमीटर मोकळी जागा सांगितलेली असते. ही मापं कागदावर आखून पाहा. वरचे ७५ सेंटीमीटर मिळवायचे तर हीटर तंबूच्या मधोमधच ठेवावा लागतो. २४० सेंटीमीटर लांबीत, मध्यावर २० सेंटीमीटर जाडीचा हीटर आणि त्यापुढे ७५ सेंटीमीटर मोकळे सोडले, तर समोरच्या बाजूला ३५ सेंटीमीटरची पट्टी उरते. तीत माणूस आडवा मावत नाही. म्हणजे या तंबूत हीटर चालू ठेवून दोघांनी झोपण्याचा प्रश्न हवेच्याही आधी मोजपट्टीनेच निकालात निघतो.

पाणी

एक किलो प्रोपेन जळून १.६ किलो पाण्याची वाफ होते. या हीटरमधून तासाला सुमारे १३७ ग्रॅम, आणि दोघांच्या श्वासातून येणारी वेगळी. १५ अंशांची ४ घनमीटर हवा जेमतेम ५० ग्रॅम वाफ धरते. उरलेली गार कापडावर, मग थेंबाथेंबाने बॅगवर. पिसांची बॅग ओली झाली की तिची ऊब गेली, आणि पहाटे उणे ४ ला तीच बॅग अंगावर असते. हीटरने दिलेली तासाभराची ऊब ही अशी व्याजासकट परत द्यावी लागते.

तीच रात्र, वेगळ्या प्रकारे

पुस्तिकेत ‘तंबूत वापरू नये’ असं लिहिलं असेल तर पुढचा विचारच नको. मोठ्या सिलिंडरच्या डोक्यावर बसवायचे, जाळीची थाळी असलेले हीटर तर उघड्यावरच वापरायचे. लिहिलेलं नसेल तरीही, आमच्या मते या आकाराच्या तंबूत हीटर फक्त दोघे जागे आणि बसलेले असताना, दहा-पंधरा मिनिटांसाठी, पेटवावा. झोपेत कधीच नाही, अगदी ‘पाच मिनिटं आडवं व्हायचं’ असेल तरी नाही.

आणखी एक हिशेब त्याच बाजूने बोलतो. तंबूतली सगळी हवा १५ अंशांनी तापवायला ५७ किलोज्यूल पुरतात, हीटरच्या एका मिनिटाचं काम. म्हणजे हीटर बंद केल्यावर ती साठवण टिकतही नाही, काही मिनिटांत तंबू बाहेरइतका गार. झोपण्याआधी ‘तंबू तापवून ठेवणं’ म्हणून काही नसतं. उलट, ६५ अंशांचं एक लिटर पाणी ३५ पर्यंत निवताना सुमारे १२६ किलोज्यूल देतं, आणि तेही बॅगच्या आत, अंगाला लागून. बाहेर चुलीवर पाणी तापवून, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, मोज्यात घालून पायाशी ठेवलं की हीटरच्या अर्ध्या कामाचा निकाल लागतो. उरलेलं अर्धं काम मॅटचं. गोठणबिंदूखाली जमिनीवर ४ किंवा त्याहून जास्त आर-मूल्याची (उष्णता अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) मॅट हवी, जाड बॅग तिची जागा घेत नाही, कारण अंगाखाली तिचा भराव दबून जातो.

मग हीटरला उरतं काय? दोन वेळा. संध्याकाळी ओले मोजे बदलताना आणि सकाळी बॅगमधून बाहेर पडताना. दोन्ही वेळा क्रम सारखा. बॅगा, कपडे, पिशव्या मागे सारायच्या. मधोमध ३० × ४० सेंटीमीटरची प्लायवूडची फळी, मॅटवर नाही तर घट्ट जमिनीवर ठेवायची. वरचे झरोके उघडायचे, दाराची झिप तळापासून उघडून फट करायची, बाहेरच्या कापडाची कड मोकळी आहे का ते हाताने चाचपायचं. हीटर बाहेर पेटवून पाच मिनिटं बघायचा: जाळी एकसारखी लाल, पायलट निळा, पिवळी लवलव नाही, वास नाही. मग बंद करून आत आणायचा, फळीवर ठेवून पुन्हा पेटवायचा. पेटता हीटर उचलून दारातून आणायचा नाही. घड्याळात पंधरा मिनिटांचा गजर लावायचा, कारण उबेत वेळ कळत नाही. हीटरवर भांडं ठेवायचं नाही: गार भांड्याला लागलेली ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. गजर झाला की बंद, जाळी काळी होईपर्यंत दोघेही जागे, मग हीटर बाहेर आणि सिलिंडर उतरवून वेगळा.

परत आल्यावर एक काम राहतं. बर्नरला हवा घेणारं तोंड आणि पायलटचं छिद्र दाबाच्या हवेने फुंकून घ्यायचं. साठवणीत तिथे धूळ बसते, आणि कोळी तिथे जाळं विणतात. हवेची वाट अर्धी बुजली की ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि चांगल्या हवेतही कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. म्हणून फुंकून झाल्यावर ते तोंड बारीक जाळीच्या कापडाने बांधून ठेवायचं, आणि पुढच्या वेळी पेटवण्याआधी ते कापड आठवणीने काढायचं.